पाण्याशिवायचे मलम: कोकमाच्या तुपाचे भेगांचे मलम आणि कोरडे उटणे घरी कसे करावे

साध्या बॉडी लोशनच्या बाटलीत वजनाने साधारण ६० ते ८० टक्के पाणी असते. ते आत आले की त्याच्यामागून आणखी दोन गोष्टी याव्याच लागतात. तेल आणि पाणी आपणहून एकत्र राहत नाहीत, म्हणून त्यांना बांधून ठेवणारा इमल्सिफायर लागतो. पाण्यात जिवाणू आणि बुरशी वाढते, म्हणून परिरक्षक लागतो. पाणी काढून टाकले की या दोन्हींची गरज संपते. पाण्याविरहित उत्पादनाचा खरा फायदा हाच आहे. हाताशी प्रयोगशाळा नसलेल्या माणसालाही, चार-पाच घटक आणि एक वजनकाटा एवढ्यावर, सुरक्षित आणि महिनोन्‌महिने टिकणारे मलम करता येते.

कोकणाला आणि गोव्याला हे नवीन नाही. आमसुले करून उरलेल्या कोकमाच्या बिया वाळवून त्यांचे जे घट्ट तूप काढतात, त्याला कुठे मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल. टाचांच्या भेगांवर आणि फुटलेल्या ओठांवर ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. दिवाळीचे उटणेही पाण्याशिवायचेच. पाणी त्यात वापरायच्या क्षणी पडते, आधी नाही. या लेखात दोन्ही सविस्तर आहेत, पण भर मलमावर आहे, कारण चुका तिथेच जास्त होतात.

आधी काही गैरसमज दूर करू

पाण्याविरहित म्हणजे त्वचेला जास्त ओलावा देणारे, हे खरे नाही. मलमात पाणीच नाही, तर ते ओलावा देणार कुठून? मलम एक थर तयार करते आणि त्वचेतले पाणी हवेत उडून जाण्याचा वेग कमी करते. म्हणून कोरड्याठाक टाचेवर मलम चोळले तर टाच तेलकट होते, मऊ होत नाही. आधी पाणी, मग मलम हा क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते.

परिरक्षक नाही म्हणजे मलम कधीच खराब होत नाही, असेही नाही. त्यात जंतू वाढत नाहीत, पण तेल खवट होतेच. हवा, उजेड आणि उष्णता यांनी तेलाचे ऑक्सिडीकरण होते. ही वेगळी बिघाडाची वाट आहे आणि तिचा उपायही वेगळा आहे.

पाणी वाचवण्याचा मुद्दाही मापात ठेवलेला बरा. २०० मिलीच्या लोशनमध्ये फार तर १६० मिली पाणी असेल, म्हणजे आंघोळीच्या एका तांब्यापेक्षाही कमी. फायदा आहे तो वजनात, वाहतुकीत आणि डब्याच्या आकारात. ५० ग्रॅम मलम दोन टाचांना रोज रात्री वापरले तरी महिना-दीड महिना आरामात पुरते.

साहित्य: १०० ग्रॅम मलमासाठी

कोकमाचे तूप २५ ग्रॅम
मधमाश्यांचे मेण १२ ग्रॅम
घाण्याचे तीळतेल ४२ ग्रॅम
खोबरेल तेल २०.५ ग्रॅम
टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) ०.५ ग्रॅम

सगळे वजनानेच घ्यायचे, चमच्याने नाही. किसलेले मेण आणि तुपाचा खडा चमच्यात किती बसेल याचा काही भरवसा नसतो, आणि मेणात दोन ग्रॅमचा फरक पडला तरी मलमाचा पोत बदलतो. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा बाकी सगळ्याला चालतो. अर्ध्या ग्रॅमसाठी मात्र ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल.

आता एकेक घटक बघू, कारण बाजारात फसगत इथेच होते.

कोकमाचे तूप घरातल्या तापमानाला कडक आणि ठिसूळ असते, बोटाने दाबून दबत नाही. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्यामुळे ते साधारण ३८ ते ४२ अंशांना वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या आसपास. त्यामुळे लावताना ते हळूहळू मऊ पडते आणि इतर तेलांसारखे चिकट राहत नाही. शुद्ध केलेले तूप पांढरे आणि जवळजवळ बिनवासाचे असते. गावाकडे काढलेले मुठेल पिवळसर-करडे असते आणि त्याला स्वतःचा वास असतो. दोन्ही चालतात, पण मुठेलाच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. ते पारंपरिक पद्धतीने काढताना बियांचा गर कुटून पाण्यात उकळतात आणि वर तरंगलेला स्निग्धांश काढून घेऊन मुठीत वळतात. त्यामुळे त्या गोळ्याच्या पोटात थोडे पाणी आणि गराचा चोथा राहू शकतो. असे मुठेल थेट मलमात घातले तर मलम पाण्याविरहित राहत नाही.

म्हणून मुठेल आधी कढवून घ्या. लोण्याचे तूप करतो तसेच: जाड बुडाच्या लहान कढईत, अगदी मंद आचेवर. सुरुवातीला तडतड होईल, बारीक बुडबुडे येतील. तडतड पूर्ण थांबली आणि तळाशी चोथा बसला की पाणी गेले असे समजा. लगेच आच बंद करा. पुढे तापवत राहिलात तर चोथा करपतो आणि तो वास मलमात उतरतो. थोडे निवल्यावर, पण पातळ असतानाच, कोरड्या मलमलीच्या फडक्यातून गाळा.

मेण घेताना ते मधमाश्यांचेच आहे याची खात्री करा. नुसते ‘मेण’ मागितले तर बऱ्याच दुकानांत पॅराफिनचे मेण हातात देतात. मधमाश्यांचे मेण पिवळसर असते, मधाचा मंद वास देते आणि तुकडा तळहातात धरून चोळला की लवचिक होतो. पॅराफिन गुळगुळीत, अर्धपारदर्शक आणि बिनवासाचे असते. मधाच्या मेणाचा वितळबिंदू ६२ ते ६५ अंश आहे आणि खालचे सगळे प्रमाण त्यावरच बसवलेले आहे.

तीळतेल घाण्याचे घ्या, भाजलेल्या तिळाचे नको. तिळात मुळातच ऑक्सिडीकरण रोखणारे घटक असतात, म्हणून ते इतर बऱ्याच पातळ तेलांपेक्षा उशिरा खवट होते. घरात कुणाला तिळाची ॲलर्जी असेल तर त्याऐवजी बदामाचे तेल वापरा, पण मग मलम लवकर संपवा. खोबरेल ताजे हवे. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत मलम जास्त घट्ट वाटते.

ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत एक चूक फार सर्रास होते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असते. डब्यातल्या तेलाला खवटपणापासून वाचवण्याचे काम ते करत नाही, कारण ऑक्सिडीकरण थांबवणारा त्याचा भाग ॲसिटेटने झाकलेला असतो. तुम्हाला हवे ते नुसते टोकोफेरॉल, किंवा मिश्र टोकोफेरॉल. साबण आणि सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे ते मिळते. मिळाले नाही तर कॅप्सूल फोडत बसू नका, ते वगळा आणि मलम तीन महिन्यांत संपवा. आणि हे परिरक्षक नव्हे, हे लक्षात असू द्या. ते तेलाला जपते, जंतू मारत नाही.

भांडी आणि डब्या

आदल्या रात्री काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्या आणि त्यांची झाकणे साबणाने धुवा, उकळत्या पाण्याने विसळा आणि स्वच्छ पंचावर उलट्या ठेवा. सकाळी त्या कोरड्या दिसतील, पण झाकणाच्या आट्यांत पाणी लपून बसते. पावसाळ्यात तर हमखास. म्हणून गरम केलेल्या आणि आच बंद केलेल्या तव्यावर डब्या दहा मिनिटे उपड्या ठेवा. झाकणे प्लॅस्टिकची असतील तर त्यांना तवा नको, ती कोरड्या सुती फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवा.

वितळवण्यासाठी दोन भांडी लागतात. खाली पाण्याचे पातेले, वर मलमाचे. वरचे भांडे खालच्यापेक्षा रुंद हवे, म्हणजे वाफ बाहेरच्या बाजूने निघून जाते. लहान भांडे मोठ्या पातेल्यात तरंगत ठेवले की वाफ वर येऊन थेट तेलात उतरते. वरच्या भांड्यावर झाकणही ठेवू नका, कारण झाकणाला जमलेले थेंब आत पडतात. ढवळायला स्टीलचा चमचा घ्या. लाकडी डाव पाणी धरून ठेवतो.

मेण आणि तेल कधीही थेट आचेवर तापवू नका. चुकून पेट घेतलाच तर पाणी टाकायचे नाही. गॅस बंद करून भांड्यावर मोठे झाकण दाबून ठेवायचे. मुले आणि मांजरे त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर असलेली बरी.

कृती

१. खालच्या पातेल्यात चार बोटे पाणी घेऊन मंद उकळी येऊ द्या. खळखळ उकळी नको.

२. वरच्या भांड्यात किसलेले मेण आणि तीळतेल घाला. मेण सगळ्यात उशिरा वितळते, म्हणून आधी तेच. पूर्ण पारदर्शक द्रव व्हायला ८ ते १० मिनिटे लागतात.

३. कोकमाचे तूप आणि खोबरेल घाला. मिश्रण ७० ते ७५ अंशांवर १५ मिनिटे ठेवा. सगळे वितळलेले दिसले तरी ही पंधरा मिनिटे कमी करू नका. घट्ट तुपात राहिलेले सूक्ष्म स्फटिक पुढे बी बनून मलमात रवा पाडतात. ते पूर्ण विरघळायला वेळ लागतो.

४. पोत तपासा. फ्रीजमध्ये ठेवलेली स्टीलची ताटली बाहेर काढून पूर्ण पुसा, तिच्यावर मिश्रणाचा थेंब टाका आणि दोन मिनिटांनी बोटाने दाबा. थेंब दाबल्यावर पसरला पाहिजे, पण बोटाला पातळ तेलासारखा लागता कामा नये. मऊ वाटला तर १ ग्रॅम मेण, कडक वाटला तर ३ ग्रॅम तीळतेल घालून पुन्हा तपासा.

५. भांडे खाली उतरवा आणि सर्वात आधी त्याचे बूड फडक्याने पुसा. ओतताना बुडावरचा एक थेंब डबीत पडला की दोन महिन्यांनी तिथेच बुरशीचा ठिपका दिसतो. ही पायरी लहान आहे, पण तीच सगळ्यात जास्त विसरली जाते.

६. तापमान ६० अंशांवर आले की टोकोफेरॉल घालून एक मिनिट ढवळा. सुगंध हवा असेल तर लव्हेंडरसारखे सौम्य सुगंधी तेल अर्ध्या ग्रॅमपर्यंत चालेल. दालचिनी आणि लवंग त्वचेला जाळतात. दाबून काढलेल्या लिंबाच्या सालीच्या तेलाने उन्हात डाग पडू शकतात. कापूर लहान मुलांच्या घरात नकोच, पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

७. ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान डब्यांत ओता. फार गरम ओतले तर निवताना मधोमध खड्डा पडतो. फार गार झाल्यावर ओतले तर भांड्याच्या कडेला मेण थिजून मलमात गाठी येतात.

८. वरचा पापुद्रा धरला की झाकण लावा आणि डब्या २० मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा. लवकर निवल्याने स्फटिक बारीक राहतात आणि पोत मऊ येतो. बाहेर काढल्यावर डबी घरच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. थंड मलमावर दमट हवेतले पाणी लगेच दवासारखे जमते आणि आपण स्वतःच पाणी आत आणून ठेवतो.

९. डबीवर तारीख, घटक आणि मेणाचे प्रमाण लिहा. पुढच्या वेळी बदल करताना हाच आकडा उपयोगी पडतो.

भांडी गरम असतानाच आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग धुवा. मेण बेसिनमध्ये गेले तर नळीत थिजून ती तुंबते.

हवामानाप्रमाणे बदल

वरचे प्रमाण मुंबई, कोकण आणि गोव्यासाठी बहुतेक वर्षभर चालते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा कोकमाचे तूपही वितळते आणि मलम डबीत पाणी पाणी होते. तिथे मेण १६ ग्रॅम करा, खोबरेल १० ग्रॅमवर आणा, तीळतेल ४८.५ ग्रॅम घ्या. कोकम आणि टोकोफेरॉल तेवढेच. महाबळेश्वरच्या किंवा नाशिकच्या हिवाळ्यात मेण ९ ग्रॅमवर आणून तीळतेल ४५ ग्रॅम केले की बोट सहज बुडते.

ओठांसाठी पोत जास्त घट्ट हवा आणि थोडा चिकटून राहणाराही: मेण २०, कोकमाचे तूप २०, खोबरेल २०, एरंडेल ३९.५ आणि टोकोफेरॉल ०.५ ग्रॅम. एरंडेलाने चमक येते आणि थर टिकतो. यात सुगंधी तेल अजिबात घालू नका, ओठांवरचे पोटात जाते.

बिघडले तर कारण कुठे शोधायचे

मलमात रवा आला असेल तर ते हळूहळू निवले, किंवा एकदा वितळून पुन्हा थिजले. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डबीचे असे होते. मलम खराब झालेले नसते. पुन्हा ७० ते ७५ अंशांवर १५ मिनिटे ठेवून फ्रीजमध्ये निववा.

वर तेलाचे थेंब साचत असतील तर मेण कमी पडते आहे. वितळवून १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम मेण वाढवा. खवट वास आला, म्हणजे जुन्या सुक्या खोबऱ्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा, तर मलम फेकून द्या. ते पुन्हा वितळवून सुधारत नाही. ठिपका, तंतू किंवा कुबट वास दिसला तर कुठून तरी पाणी शिरले आहे. त्या वेळी नुसता वरचा थर खरवडून चालत नाही, सगळी डबी टाकायची.

पाणी आत येण्याचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे कौतुकाने घातलेले कोरफडीचे जेल, गुलाबपाणी, मध किंवा लिंबाचा रस. ते तेलात मिसळत नाहीत, लहान लहान थेंबांनी अडकून राहतात, आणि परिरक्षक नसल्यामुळे त्या थेंबांत जंतूंना मोकळे रान मिळते. कोरफड लावायची तर आधी अंगावर लावा आणि वरून मलम लावा. डबीत नको. हळद घातली तर ती तळाशी बसते आणि पलंगपोस रंगवते. दुसरा मार्ग ओल्या बोटांचा. डबी न्हाणीघरात ठेवू नका. मलम कोरड्या चमच्याने काढा.

लावायचे कसे

रात्री कोमट पाण्यात पाय १० ते १५ मिनिटे बुडवा. पाणी कढत नको, त्याने त्वचा आणखी कोरडी होते. वजरीने टाचेची जाड कड हलक्या हाताने घासा. भेगेच्या आत खरवडायचे नाही. पंचाने टिपून घ्या, टाच किंचित दमट असू द्या, आणि तीन मिनिटांच्या आत हरभऱ्याएवढे मलम दोन बोटांत गरम करून लावा. वरून सुती मोजे. दोन आठवडे नेमाने केले तर फरक दिसायला हवा.

भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, बोटांच्या बेचक्यांत खाज आणि पांढरी त्वचा असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बुरशीच्या संसर्गावर मलमाचा थर दिला तर तो आतच कोंडला जातो. मधुमेह असलेल्यांनी भेगांवर घरगुती प्रयोग मुळीच करू नयेत. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि मग जखम लक्षात यायला उशीर होतो.

हे मलम चेहऱ्यासाठी नाही. मुरमे येणाऱ्या त्वचेवर खोबरेल आणि मेणाचा थर छिद्रे बुजवतो. डोक्यातला कोंडा किंवा नाकाशेजारचा खवलेदार लालसरपणा असेल तिथेही लावू नका. तो ज्या यीस्टमुळे वाढतो, ते तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून ४८ तास वाट पाहा.

कोरडे उटणे, १०० ग्रॅम

मसूर डाळीचे पीठ ५०, मुलतानी माती २०, नागरमोथा १०, कपूरकाचरी ८, वाळा ७ आणि आंबेहळद ५ ग्रॅम. प्रत्येक घटक वेगळा, कोमट तव्यावर चार-पाच मिनिटे परता, फक्त दमटपणा जाईपर्यंत. रंग बदलता कामा नये. पूर्ण गार झाल्यावर दळा. गरम असताना दळले तर वाफ धरून गाठी होतात. मग मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा आणि शेवटी मलमलीतून. वाळ्याचे तंतू चाळणीतून सुटतात आणि चेहऱ्यावर ओरखडे काढतात. म्हणून मलमलीची पायरी टाळू नका.

मोठी बरणी कपाटात ठेवा आणि आठवड्यापुरते उटणे लहान डबीत काढा. एका वेळी दोन चमचे, तळहातातच पाण्यात कालवा, उरलेले टाकून द्या. भिजवलेले उटणे दुसऱ्या दिवशी वापरणे म्हणजे बाहेर राहिलेले भिजवलेले पीठ अंगाला लावण्यासारखे आहे. पावसाळ्यात एका वेळी ५० ग्रॅमच करा.

विकत घेताना आणि विकताना

वेष्टनावर घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलाच शब्द ‘ॲक्वा’ असेल तर ते पाणीच. ‘पाणी नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहून पहिल्या जागी कोरफडीचा रस किंवा गुलाबपाणी असेल, तर तेही पाणीच धरा. मग त्यात परिरक्षक असणे ही चांगली गोष्ट आहे, नसेल तर घेऊ नका. क जीवनसत्त्वाच्या तेलातल्या किंवा सिलिकोनमधल्या उत्पादनांच्या बाबतीत मात्र पाण्याविरहित असण्याला खरा अर्थ आहे, कारण एल-ॲस्कॉर्बिक आम्ल पाण्यात झपाट्याने ऑक्सिडाइझ होऊन पिवळे-तपकिरी पडते. सनस्क्रीन घरी करू नका. झिंक ऑक्साइड सारखे पसरले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, आणि चूक कळते ती कातडी भाजल्यावर.

बचत गटातून किंवा घरून मलम विकायचे असेल तर सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यायचा असतो. घरात वापरायला किंवा शेजारणीला भेट द्यायला परवान्याची गरज नाही, पण डबीवर घटक लिहून द्या. तिळाची ॲलर्जी कुणाला आहे, ते आपल्याला ठाऊक नसते.

प्रत्येक खेपेतली एक छोटी डबी न वापरता, अंधारात बाजूला ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला झाकण उघडून वास घ्या. ज्या महिन्यात तो बदललेला वाटेल, तेवढेच तुमच्या तेलांचे आणि तुमच्या घरातल्या हवेचे खरे आयुष्य. पुढच्या खेपेच्या डब्यांवर त्यापेक्षा एक महिना कमी धरून संपवण्याची तारीख टाका.